आवृत्तिभेद आणि निर्देश : ‘स्कायरिम’ खेळाच्या मॉडलेखनाची एक चिकित्सा

१

महाभारतावरील एखाद्या जुन्या प्रबंधातील संदर्भ मुळाशी ताडून पाहण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला एक अडचण चांगलीच परिचित असते. प्रबंधकाराने मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या छापील प्रतीतील अध्याय आणि श्लोकांक दिलेला असतो. वाचणाऱ्याच्या हाती मात्र पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेली चिकित्सित आवृत्ती असते. दिलेल्या अंकाशी तो जातो आणि तेथे भलताच श्लोक पाहतो. इष्ट श्लोक बहुधा काही स्थाने पुढेमागे सरकलेला असतो; क्वचित तो मूळ पाठातून काढून तळटीपेत किंवा परिशिष्टात घातलेला असतो. प्रबंधकाराचे विधान खोटे नव्हते. त्याचा निर्देश मात्र स्थानावर आधारलेला होता, आणि ते स्थान दुसऱ्या आवृत्तीत दुसऱ्याचे झाले.

प्रस्तुत लेखात ज्या प्रश्नाची चिकित्सा करावयाची आहे तो याच जातीचा आहे; मात्र त्याचे क्षेत्र आपल्या विभागाच्या नित्याच्या क्षेत्राबाहेरचे वाटण्याचा संभव आहे. संगणकावरील व्हिडिओ खेळ विकत घेणारे अनेक जण केवळ खेळून थांबत नाहीत. ते त्या खेळात स्वतःची भर घालतात. नवी पात्रे, नवे प्रदेश, नवे नियम, चुकांची दुरुस्ती, भाषांतर असे तिचे नाना प्रकार असतात. अशा भरीस ‘मॉड’ असे नाव आहे. मॉड हा स्वतंत्र ग्रंथ नव्हे. तो टीकेप्रमाणे किंवा वार्तिकाप्रमाणे मूळ ग्रंथाला चिकटून राहतो, मूळ ग्रंथातील वस्तूंकडे बोट दाखवूनच तो बोलू शकतो. मूळ खेळाची नवी आवृत्ती निघाली की हे बोट कोठे वळते, हा आवृत्ति-सुसंगतीचा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाकडे सामान्यतः केवळ तांत्रिक कटकट म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन थोडे वेगळे आहे. ते असे की, मॉड टिकतो की मोडतो हे मूळ खेळ किती बदलला यापेक्षा, मॉडने आपले निर्देश कोणत्या पद्धतीने केले आहेत यावर अधिक अवलंबून असते. स्थानाने केलेला निर्देश सर्वांत अल्पायुषी, नावाने केलेला त्याहून दीर्घायुषी, आणि आपण कोणत्या काळी, काय गृहीत धरून, नेमके किती बदलीत आहोत हे स्पष्ट सांगणारा निर्देश सर्वांत चिवट. हे प्रतिपादन पडताळून पाहण्यास ‘द एल्डर स्क्रोल्स फाइव्ह : स्कायरिम’ या खेळाचा इतिहास फार सोयीचा आहे.

२

‘स्कायरिम’ हा खेळ अमेरिकेतील बेथेस्डा गेम स्टुडिओज या संस्थेने घडविला आणि तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘क्रिएशन किट’ हे संपादनसाधन कंपनीनेच वाचकांच्या — म्हणजे खेळणाऱ्यांच्या — हाती दिले. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘स्पेशल एडिशन’ निघाली. पहिली आवृत्ती ३२ बिटांची होती, ही ६४ बिटांची. २०१९ च्या अखेरीस या दुसऱ्या आवृत्तीचा क्रमांक १.५.९७ वर स्थिरावला आणि सुमारे दोन वर्षे तेथेच राहिला. पुढे मूळ प्रकाशनाच्या दशकपूर्तीच्या दिवशी, ११ नोव्हेंबर २०२१ रोजी, ‘अॅनिव्हर्सरी एडिशन’ प्रसिद्ध झाली आणि तिच्याबरोबर १.६ ही क्रमांकमाला सुरू झाली.

या खेळाचे मॉड स्थूलमानाने दोन वर्गांत पडतात. पहिला वर्ग माहितीचा. यातील फाइली ईएसपी, ईएसएम किंवा ईएसएल या प्रत्ययांनी ओळखल्या जातात, आणि त्यांत खेळातील वस्तू, पात्रे, स्थळे यांच्या नोंदी असतात. दुसरा वर्ग यंत्रसंहितेचा. खेळाच्या कर्त्यांनी जी दारे उघडी ठेवलेली नाहीत त्यांतून आत शिरण्यासाठी काही स्वयंसेवकांनी ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ नावाचे साधन रचले. ‘एसकेएसई’ या आद्याक्षरांनी ते प्रसिद्ध आहे. या साधनाच्या आधाराने चालणाऱ्या डीएलएल फाइली खेळाच्या मुख्य कार्यक्रमात, तो चालू असतानाच, स्वतःची संहिता जोडतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये जे घडले ते चिकित्सकाच्या दृष्टीने जणू मुद्दाम योजलेला प्रयोग होता. एकाच दिवशी, एकाच बदलामुळे, पहिल्या वर्गातील बहुतेक मॉड पूर्ववत चालत राहिले आणि दुसऱ्या वर्गातील मॉड सरसकट बंद पडले. मूळ खेळ दोघांसाठीही सारखाच बदलला होता. तेव्हा या भेदाचे कारण खेळात नव्हे, तर दोन वर्गांच्या निर्देशपद्धतीत शोधावयास हवे.

३

प्रथम दुसऱ्या वर्गाचा विचार करू. मुख्य कार्यक्रमात सहस्रावधी फंक्शने असतात. एखादे पात्र जखमी झाले असता किती हानी धरावयाची, हे ठरविणारे एक फंक्शन आहे असे समजू. मॉडकर्त्यास ते बदलावयाचे आहे. परंतु विक्रीस आलेल्या कार्यक्रमात फंक्शनांची नावे उरलेली नसतात. कंपायलरने मूळ संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करताना ती गाळलेली असतात. उरतो तो केवळ पत्ता : कार्यक्रमाच्या आरंभापासून अमुक इतक्या अंतरावर. डीएलएल हा पत्ता मनात धरून चालते. कार्यक्रम नव्याने कंपाइल झाला की हे अंतर बदलते. एका फंक्शनात दोन ओळींची भर पडली तरी तिच्या मागोमाग येणारे सर्व पत्ते सरकू शकतात. म्हणूनच एसकेएसईची प्रत्येक प्रत खेळाच्या एका विशिष्ट प्रतीसाठीच असते आणि दुसरी प्रत समोर आल्यास ते साधन चालण्यास सरळ नकार देते. हा नकार पुष्कळांना त्रासदायक वाटतो; वस्तुतः तो प्रामाणिकपणा होय. चुकीच्या पत्त्यावर जाऊन भलत्याच फंक्शनात हात घालण्यापेक्षा दाराशीच थांबणे केव्हाही श्रेयस्कर.

पाणिनीच्या अभ्यासकास ही परिस्थिती अपरिचित वाटू नये. अष्टाध्यायीत अनुवृत्तीने येणारा अर्थ स्थानावर अवलंबून असतो; सूत्र आपल्या जागेवरून हलविले की आधीच्या सूत्रांतून वाहत येणारी पदे तुटतात आणि सूत्र मुके होते. याउलट वृद्धी, गुण, घि, टि या संज्ञा एकदा सांगितल्या की ग्रंथात कोठेही वापराव्यात. स्थानाचा लाभ लाघवात आहे, संज्ञेचा लाभ स्थैर्यात. डीएलएल मॉडांना संज्ञा उपलब्धच नव्हत्या, म्हणून त्यांना स्थानाचा आश्रय करावा लागला.

या उणिवेवर शोधलेला उपाय ‘अॅड्रेस लायब्ररी’ या नावाने प्रसिद्ध आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. प्रत्येक फंक्शनास एक अनुक्रमांक द्यावयाचा, आणि खेळाच्या प्रत्येक आवृत्तीसाठी ‘अमुक क्रमांकाचे फंक्शन या प्रतीत अमुक पत्त्यावर’ अशी सारणी तयार करावयाची. मॉडने पत्ता न सांगता क्रमांक सांगावा. पत्ता सारणीत पाहून मिळेल. महाभारताच्या भिन्न प्रतींतील श्लोकांक जुळवून देणारी जी तुलनासारणी संशोधक वापरतो, तिचेच हे रूप होय. मूळ कर्त्याने नाव दिले नाही, म्हणून वाचकसमाजाने बाहेरून कृत्रिम नाव दिले. या एका युक्तीमुळे लहानसहान आवृत्तिबदलांत प्रत्येक डीएलएल नव्याने रचण्याची आवश्यकता उरली नाही.

परंतु या युक्तीसही मर्यादा पडली, आणि ती मर्यादा बोधप्रद आहे. १.६ च्या वेळी कंपनीने कंपायलरच बदलला. नवा कंपायलर काही लहान फंक्शनांना त्यांचा उपयोग करणाऱ्या मोठ्या फंक्शनांतच विलीन करून टाकतो. स्वतंत्र शब्द झिजत झिजत दुसऱ्या शब्दाचा प्रत्यय बनावा तसे. जे फंक्शन स्वतंत्र उरलेच नाही त्याचा पत्ता कोणती सारणी देणार? परिणामी १.५ आणि १.६ या दोन मालांसाठी क्रमांकांच्याही दोन स्वतंत्र माला झाल्या. दोहोंत चालणारी डीएलएल रचावयाची तर कर्त्याने प्रत्येक फंक्शनासाठी दोन क्रमांक द्यावे लागतात. कृत्रिम नावाची सत्ता ज्या वस्तूला नाव दिले तिच्या अस्तित्वापुरतीच असते, हा यातील धडा होय.

याहून सूक्ष्म प्रसंग पुढे १.६.६२९ या आवृत्तीत आला. येथे पत्ते सारणीत बरोबर सापडत होते. परंतु त्या पत्त्यांवरील काही वस्तूंची अंतर्रचना बदलली होती. पूर्वी एखादी माहिती वस्तूच्या आरंभापासून जितक्या अंतरावर असे, तितक्यावर ती आता नव्हती. नाव तेच, वस्तूही तीच. आतील मांडणी निराळी. भाषाशास्त्रात यास अर्थांतराचे उदाहरण म्हणता येईल. हिंदी भाषकाने ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत ऐकला तर उच्चार ओळखीचा असल्यामुळेच त्याची अधिक फसगत होते. अपरिचित शब्दापाशी तो निदान थांबला असता. त्यानंतर एसकेएसईने डीएलएलकडून आणखी एक प्रतिज्ञा मागण्यास आरंभ केला : आपण खेळाच्या अंतर्रचनांना स्पर्श करीत नाही, किंवा करतो तो ६२९ नंतरच्या मांडणीस अनुसरून करतो. निर्देशाबरोबर गृहीतकेही उघड सांगावीत, या तत्त्वाचा हा स्वीकार होय.

४

आता पहिल्या वर्गाकडे वळू. ईएसपी फाइलीतील प्रत्येक नोंदीस आठ अंकी षोडशमान क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक नोंद कोणत्या फाइलीतून आली हे दाखवितात, उरलेले सहा त्या फाइलीतील तिची ओळख. पहिले दोन अंक लोड ऑर्डरवर, म्हणजे फाइली ज्या क्रमाने वाचल्या जातात त्यावर अवलंबून असतात. तो क्रम प्रत्येक खेळणाऱ्याच्या संगणकावर निराळा. मग निर्देश टिकतो कसा? कारण प्रत्येक फाइलीच्या शिरोभागी तिला आधारभूत असणाऱ्या फाइलींची नावे लिहिलेली असतात, आणि खेळ त्या नावांच्या साहाय्याने अंकांचा अर्थ प्रत्येक वेळी नव्याने लावतो. स्थान बदलते, नाव राहते. मुख्य कार्यक्रमाचे पत्ते कितीही सरकोत, ‘अमुक फाइलीतील अमुक क्रमांकाची तलवार’ हा निर्देश अबाधित राहतो. २०२१ च्या त्या दिवशी पहिला वर्ग तरला याचे कारण एवढेच आहे.

तथापि या वर्गास दुसरी व्याधी आहे. दोन मॉड एकाच नोंदीस हात लावतात तेव्हा क्रमात शेवटी येणाऱ्याचे चालते, आणि तेही संपूर्ण नोंदीपुरते. पहिल्याने केलेला भिन्न प्रकारचा बदलही पुसला जातो. पाणिनीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील दुसरे सूत्र तुल्यबल नियमांच्या विरोधात नंतरचा नियम प्रवृत्त व्हावा असे सांगते, हे येथे सहज आठवते. परंतु परंपरेने त्या सूत्रावर संतोष मानला नाही. जेथे पौर्वापर्याने अनिष्ट रूप सिद्ध होऊ लागले तेथे भाष्यकाराने ‘पर’ या शब्दाचा अर्थ ‘इष्ट’ असा केला, आणि अपवाद हा परनियमाहूनही बलवान मानला गेला. अनुभवी खेळणाराही याच निष्कर्षास येतो. नुसता क्रम पालटून इष्ट फळ मिळत नाही. दोन्ही मॉडांचे इष्ट अंश एकत्र करणारी तिसरी फाइल, म्हणजे जुळणीचा पॅच, रचून ती शेवटी ठेवावी लागते. हा पॅच दोन टीकांचा समन्वय करणाऱ्या तिसऱ्या टीकेसारखा असतो. पहिल्या दोहोंपैकी एकही बदलली की त्याची पुन्हा तपासणी करावी लागते. पॅचांचे ओझे आवृत्तिबदलाच्या वेळी इतके का जाणवते, याचे उत्तर यात आहे.

नावाने केलेला निर्देशही आधारावर किती अवलंबून असतो, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. खेळातील चुका दुरुस्त करणारा ‘अनऑफिशियल’ पॅच असंख्य मॉडांना आधारभूत आहे. २०२१ नंतर त्याच्या नव्या प्रतीने, कंपनीने सर्वांस विनामूल्य दिलेल्या चार भागांच्या फाइली आपल्या आधारसूचीत घेतल्या. ज्याने जुन्या खेळावर राहावयाचे ठरविले होते त्याच्याकडे या फाइली नव्हत्या. आणि आधारफाइल नसेल तर खेळ सुरू होतानाच कोसळतो. त्यास एक तर पॅचची जुनी प्रत जपावी लागली, किंवा त्या चार फाइली तेवढ्या मिळवाव्या लागल्या. मॉड बदलला नाही, खेळ बदलला नाही, तरी मधल्या आधाराच्या बदलाने सुसंगती भंगली. सुसंगती हा दोन पदांमधील संबंध नसून ती एक साखळी आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

डिसेंबर २०२३ मधील १.६.११३० ही आवृत्ती आणखी एक भेद स्पष्ट करते. ईएसएल या हलक्या फाइलीत तोपर्यंत २०४८ नव्या नोंदी मावत. ती मर्यादा ४०९६ झाली आणि फाइलीच्या शिरोभागी १.७१ हा नवा स्वरूपांक आला. नवा खेळ जुन्या फाइली निर्वेधपणे वाचतो; जुना खेळ मात्र नव्या स्वरूपाच्या फाइली नीट वाचू शकत नाही. उदारपणे वाढविलेली सवलत जुन्या वाचकास अशा रीतीने बाधक झाली, आणि जुन्या खेळास नवे स्वरूप वाचावयास शिकविणारा एक निराळा मॉड रचावा लागला. नव्याने जुने वाचणे आणि जुन्याने नवे वाचणे हे दोन वेगळे गुण आहेत. ‘सुसंगत’ या एकाच विशेषणाखाली ते दडविले जातात, म्हणून घोटाळा होतो.

५

येथवर फाइलींच्या निर्देशांविषयी लिहिले. परंतु मॉडबरोबर मनुष्यांसाठी लिहिलेले वर्णनही असते, आणि आपला व्यवसाय भाषेचा असल्यामुळे त्याची परीक्षा करणे आपणास अधिक शोभेल. प्रस्तुत लेखकाच्या मते निम्मी विसंगती या वर्णनांच्या भाषेतून जन्मते.

‘हा मॉड खेळाच्या सर्वांत नव्या आवृत्तीवर चालतो’ या धाटणीचे वाक्य मॉडांच्या वर्णनांत वारंवार आढळते. ‘आज’, ‘येथे’, ‘मी’ या शब्दांप्रमाणे ‘सर्वांत नवी’ हे पदही दर्शक आहे. कोण, केव्हा, कोठून बोलतो यावर त्याचा अर्थ ठरतो. २०२० मध्ये लिहिलेले असे वाक्य १.५.९७ विषयी सत्य होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यातील एकही अक्षर न बदलता ते असत्य झाले. लेखकाने खोटे लिहिले नव्हते, वाचकाने चुकीचे वाचले नव्हते. वाक्याच्या खालची जमीन सरकली. उलट ‘१.५.९७ वर पाहिले, चालते’ हे वाक्य आजही तितकेच खरे आहे आणि पुढेही राहील. ऐतिहासिक लेखात मिती नसेल तर संशोधक किती हळहळतो हे आपण जाणतो. मॉडच्या वर्णनात आवृत्तीचा अंक नसणे हे त्याच योग्यतेचे न्यून आहे.

दुसरा दोष नामाचा आहे. ‘अॅनिव्हर्सरी एडिशन’ हे नाव दोन भिन्न वस्तूंना लागू झाले. कंपनीच्या व्यवहारात ते एका विकत घ्यावयाच्या संचाचे नाव. त्यात पूर्वी सुटे विकले जाणारे अनेक भाग एकत्र मिळतात. मॉडकर्त्यांच्या बोलीत मात्र, ‘एई’ या संक्षिप्त रूपात, ते १.६ मालेतील मुख्य कार्यक्रमाचे नाव झाले. हा कार्यक्रम संच न घेतलेल्यांनाही विनामूल्य मिळाला होता. परिणाम असा झाला की, संच न घेतलेला मनुष्य ‘माझ्याकडे एई नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणतो, जुन्या आवृत्तीसाठीची डीएलएल उतरवून घेतो, आणि ती चालत नाही म्हणून गोंधळतो. यात त्याचा दोष नाही. संज्ञेने एकच अर्थ वाहावा हा शास्त्राचा पहिला नियम. तो मोडला की किंमत वाचक मोजतो. त्यात भर म्हणून, खेळ कोणत्या दुकानातून घेतला यावरही पाठभेद आहे : स्टीमवरील १.६.६४० आणि गॉगवरील १.६.६५९ हे भिन्न कार्यक्रम असून त्यांसाठी एसकेएसईच्या प्रतीही भिन्न आहेत. तात्पर्य, नाव विश्वसनीय नाही, अंक विश्वसनीय आहे. आणि दुकानाचे नाव जोडलेला अंक अधिक विश्वसनीय आहे.

६

या पार्श्वभूमीवर दुसऱ्या एका खेळाची व्यवस्था तुलनेसाठी पाहणे उचित ठरेल. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीविषयक खेळ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभी त्याचे मॉड म्हणजे मूळ फाइलीच्या जागी ठेवावयाची संपूर्ण बदली फाइल असे. पिकांच्या यादीत एका पिकाची किंमत बदलावयाची तरी सबंध यादी नव्याने द्यावी लागे. खेळाच्या पुढील आवृत्तीत यादीत नवी पिके आली की जुनी बदली फाइल ती सर्व पुसून टाकी. मॉडकर्त्यास म्हणावयाचे होते एक वाक्य. त्याने पुन्हा लिहिला होता सबंध अध्याय.

पुढे ‘स्मापी’ हे मॉड चालविणारे साधन आणि त्यावर आधारलेले ‘कंटेंट पॅचर’ यांनी पद्धत बदलली. कंटेंट पॅचरच्या मॉडमध्ये ‘अमुक यादीतील अमुक नोंदीचे अमुक क्षेत्र एवढे करा’ असे लिहितात. न लिहिलेल्या गोष्टींना हात लागत नाही. मार्च २०२४ मधील १.६ या आवृत्तीत खेळाने स्वतःच वस्तूंचे जुने अंक सोडून अक्षरी ओळखनामे स्वीकारली, त्यामुळे दोन मॉडांनी एकच अंक बळकावण्याचा संभव उरला नाही. परंतु या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाची योजना दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. कंटेंट पॅचरच्या प्रत्येक मॉडच्या आरंभी ‘फॉरमॅट’ नावाची एक ओळ असते, आणि तीत हा मॉड त्या साधनाच्या कोणत्या आवृत्तीच्या नियमांना अनुसरून लिहिला आहे याचा अंक असतो. साधन पुढे बदलले तरी तो अंक पाहून ते जुन्या मॉडचा अर्थ शक्य तेथवर जुन्याच नियमांनी लावते. ज्ञानेश्वरी वाचताना शब्दांना आजचे अर्थ चिकटवू नयेत, ज्या भाषावस्थेत ग्रंथ रचला गेला तिचेच अर्थ लावावेत, असे आपण वर्गात बजावतो. येथे ग्रंथच आपली भाषावस्था पहिल्या ओळीत घोषित करतो, आणि वाचणारे यंत्र तिचा मान राखते.

अर्थात ही तुलना करताना ‘स्कायरिम’च्या मॉडकर्त्यांवर अन्याय होऊ नये. त्यांनी जेथे हात घातला ती खेळाची उघडी ठेवलेली बाजू नव्हती. आतील पत्ते स्थिर राहतील असे आश्वासन कंपनीने केव्हाही दिले नव्हते. नवा कंपायलर वापरण्याचा तिचा अधिकार निर्विवाद आहे. ज्याने मूळ कर्त्याच्या संमतीवाचून मजकुराच्या आत अधोरेखन केले, त्याने पान बदलले म्हणून तक्रार करणे फारसे सयुक्तिक नव्हे. तरीही एक गोष्ट उरते. दहा वर्षे लोक ज्या ग्रंथात भर घालीत आले, त्याची किंमत त्या भरीमुळेही वाढली आहे. आणि स्वयंचलित अद्ययावतीकरणाने एका रात्रीत ती भर निकामी व्हावी, जुनी प्रत सहज मिळू नये, ही व्यवस्था चांगल्या ग्रंथालयाची नव्हे. नवी आवृत्ती काढणाऱ्याचे कर्तव्य बदल टाळण्याचे नाही. जुनी आवृत्ती मागणाऱ्यास ती उपलब्ध ठेवण्याचे आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ने १.५.६ ही जुनी आवृत्ती निराळ्या शाखेत ठेवून हे साधले आहे.

७

या सर्व विवेचनात खरोखर काय पणास लागलेले आहे, हे शेवटी सांगितले पाहिजे. खेळ कोसळला तर एक संध्याकाळ वाया जाते, हे नुकसान लहान आहे. सेव्ह फाइलीचे त्याहून मोठे आहे : तीत खेळणाऱ्याच्या प्रवासाबरोबर मॉडांच्या चालू स्क्रिप्टांची स्थितीही साठविलेली असते, म्हणून मध्येच एखादा मॉड काढला की त्याचे अनाथ अवशेष मागे राहतात आणि कित्येक महिन्यांचा खेळ कलुषित होतो. परंतु सर्वांत मोठे नुकसान तिसरेच आहे. १.६ आल्यावर प्रत्येक डीएलएल नव्याने रचावी लागली. ज्यांचे कर्ते जागेवर होते त्यांनी ती रचली. ज्यांचे कर्ते निघून गेले होते, पण ज्यांनी मूळ संहिता उघडी ठेवली होती, त्यांचे काम दुसऱ्यांनी पुढे चालविले. ज्यांचे कर्तेही गेले आणि संहिताही बंद होती, ते मॉड १.५.९७ पलीकडे येऊ शकले नाहीत. त्यांच्यासाठी एक वाचकवर्ग आजही जुन्याच आवृत्तीवर राहतो, आणि नवे मॉडकर्ते त्या वर्गास सोडून पुढे जातात. एका भाषिक समाजाच्या दोन बोली व्हाव्यात आणि हळूहळू परस्परांस दुर्बोध व्हाव्यात, तसे हे झाले आहे; दोन्ही बोली बोलणाऱ्या डीएलएल आहेत म्हणून व्यवहार अद्याप तुटलेला नाही.

‘जुन्याच आवृत्तीवर थांबा’ हा उपदेश म्हणून अर्धाच खरा आहे. एका चालू प्रवासापुरता तो योग्य होय. ज्याने पन्नास-शंभर मॉडांचा संच जमविला आहे त्याने तो प्रवास संपेपर्यंत खेळाचे स्वयंचलित अद्ययावतीकरण थांबवावे, मुख्य कार्यक्रमाची प्रत बाजूस ठेवावी, प्रत्येक मॉडचा आणि त्याच्या आधारांचा आवृत्त्यंक टिपून ठेवावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलल्यावर लगेच पडताळावी. पाठचिकित्सेत पोथ्यांची नोंद घेतल्यावाचून कोणी पाठ स्थिर करीत नाही, येथेही तसेच. परंतु हाच उपदेश साऱ्या समाजाचा नियम झाला तर तो ग्रंथ जिवंत राहणार नाही, केवळ जपलेला राहील.

म्हणून मॉडकर्त्याकडून अपेक्षा चार आहेत, आणि मॉडचे परीक्षण करणाऱ्याने त्याच कसोट्या लावाव्यात. पहिली, जेथे नाव मिळते तेथे स्थानाने निर्देश करू नये. दुसरी, जेवढे बदलावयाचे तेवढेच लिहावे. उरलेला मूळ पाठ पुन्हा लिहू नये. तिसरी, आपण कोणत्या आवृत्तीवर आणि कोणती गृहीतके धरून लिहिले हे अंकाने सांगावे, ‘नवी’, ‘सध्याची’ अशा सरकत्या शब्दांनी नव्हे. चौथी, आपल्या पश्चात दुसऱ्यास काम चालविता यावे अशी मूळ संहिता आणि अनुमती मागे ठेवावी.

यातील चौथी कसोटी तांत्रिक दिसत नाही, आणि ती सर्वांत कमी पाळली जाते. पहिल्या तीन पाळूनही मॉड एखाद्या मोठ्या उलथापालथीत मोडू शकतो, हे २०२१ ने दाखविले. मोडलेला मॉड पुन्हा उभा राहतो तो मात्र केवळ चौथीच्या बळावर. ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती सिद्ध केली, ती ग्रंथ हाताशी होता आणि त्यास हात लावणे हे सेवाकार्य मानले जात होते म्हणूनच. आपल्या लिखाणास दुसऱ्याचा हात लागेल हे जो आधीच मान्य करून लिहितो, त्याचे लिखाण आवृत्ती बदलली तरी निराधार होत नाही.